अनाथगृहांतील एक दुपार

वाढदिवस, सणवार, घरांतील एखाद्या वडील माणसाचा स्मृतिदिन अशा निमित्तानें अनाथगृहांत जाऊन तेथील मुलांस खाऊ वांटण्याची चाल आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. शाळांतूनहि वर्षांतून एखाद्या दिवशीं स्वयंसेवक विद्यार्थ्यांची तुकडी अशा संस्थेंत जाते. गाणीं होतात, खेळ होतात, चित्रें काढलीं जातात, आणि दिवेलागणीच्या आंत सर्व मंडळी आपापल्या घरीं परततात. हेतु निःसंशय चांगला असतो. परंतु हेतु चांगला असला म्हणजे कृति आपोआप चांगली होते असें नाहीं. ती दुपार कोणाची होती, पाहुण्यांची कीं त्या घरांत राहणाऱ्या मुलांची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि त्या दुपारचें सारें मोल तर या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असतें.

या लेखांत त्या प्रश्नाचा विचार एका खऱ्या अनाथगृहाच्या आधारानें करावयाचा आहे. तें घर आपल्या देशांतील नव्हे. पोलंडची राजधानी वॉर्सा येथें तें होतें. तथापि तेथील मुलांनीं १९४२ सालच्या जुलै महिन्यांत घालविलेली एक दुपार आपल्या देशाशीं एका विलक्षण धाग्यानें जोडली गेली आहे. तो धागा कोणता हें पुढें दिसून येईलच.

या घराचे चालक डॉक्टर हेन्रिक गोल्डश्मिट हे होते. ते ज्यू कुळांत जन्मले, वैद्यकशास्त्र शिकले, आणि वॉर्सांतील मुलांच्या एका इस्पितळांत त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें. लेखनासाठीं त्यांनीं यानुश कोर्चाक हें नांव घेतलें होतें, व त्याच नांवानें जग त्यांस ओळखतें. १९१२ सालीं क्रोख्माल्ना नांवाच्या रस्त्यावर मुद्दाम बांधलेल्या इमारतींत ज्यू अनाथ मुलांसाठीं हें घर उघडण्यांत आलें. त्याची व्यवस्था डॉक्टर कोर्चाक यांच्याकडे आली, व स्तेफानिया विल्चिन्स्का या बाईंनीं आरंभापासून त्यांच्या बरोबरीनें त्याचा भार वाहिला. घरांत सुमारें १०० मुलेंमुली होतीं. सर्वांचेच आईबाप वारले होते असें मात्र नाहीं. कित्येकांची आई हयात होती, पण मुलांचें पोषण करणें तिला शक्य नव्हतें. अशीं मुलें शनिवारीं आपल्या आप्तांस भेटावयास जात. आजहि पुष्कळशा अनाथगृहांतील स्थिति अशीच आहे. ‘अनाथ’ या शब्दावरून आपण जें चित्र मनाशीं रंगवितों तें सर्व मुलांस लागू पडत नाहीं, हें तेथें जाणाऱ्यानें आधींच समजून घेतलेलें बरें.

अनाथगृहांतील मुलास अन्नवस्त्र मिळालें तरी एका गोष्टीची उणीव त्याला सतत भासते. घरीं वाढणाऱ्या मुलाचें स्वतःचें असें कांहीं तरी असतें. त्याची ताटली, त्याचा कोपरा, त्याचा हट्ट, त्यानें भिंतीवर ओढलेली रेघ, हें सर्व त्याचें असतें. संस्थेंत वस्तु सर्वांच्या असतात, म्हणजे बहुधा कोणाच्याच नसतात. शिवाय बाहेरून जो जो येतो तो तो देण्यासाठीं येतो. त्यामुळें घेण्यासाठीं हात पुढें करणें एवढेंच आपलें काम, अशी समजूत मुलाच्या मनांत मूळ धरूं लागते. कोर्चाक यांनीं हें दुखणें वैद्याच्या नजरेनें ओळखलें. मूल त्या घरांत पाहुणें म्हणून राहूं नये व आश्रित म्हणूनहि राहूं नये, तें घराचें धनी व्हावें, अशा बेतानें त्यांनीं घराची सर्व रचना केली.

केर काढणें, जेवण वाढणें, पुस्तकें सांभाळणें अशीं घरांतील कामें मुलें वांटून घेत. नव्यानें आलेल्या मुलासाठीं एक जुनें मूल सांभाळणारा म्हणून नेमलेलें असे, आणि घराच्या चालीरीती तें त्याला समजावून देई. पत्करलेलें काम निष्ठेनें पार पाडणाऱ्यास पैसा किंवा मिठाई न देतां, एक चित्राचें पोस्टकार्ड आठवण म्हणून देत. लहानांचीहि नजर पोहोंचेल इतक्या उंचीवर एक सूचनाफलक टांगलेला असे. त्याच्याच जोडीला एक पत्रपेटी होती. मुलाला कांहीं विचारावयाचें, मागावयाचें किंवा गाऱ्हाणें सांगावयाचें असेल तर त्यानें तें लिहून पेटींत टाकावें आणि उत्तराची वाट पहावी. कोर्चाक यांच्या मतें या पेटीमुळें मूल थांबावयास शिकतें. लिहितांना त्याला विचार करावा लागतो, आणि क्षुल्लक काय व महत्त्वाचें काय यांतील भेद तें आपोआप ओळखूं लागतें. मोठ्यांकडून उत्तर येईलच, हा विश्वास मात्र त्या पेटीच्या मुळाशीं होता. तो ढळला असता तर पेटी ही नुसती लांकडाची पेटी राहिली असती.

या घराची सर्वांत प्रसिद्ध संस्था म्हणजे मुलांचें न्यायालय. भांडण, मारामारी, वस्तु हरवणें किंवा मोडणें अशा तक्रारी त्यापुढें येत. ज्यांच्यावर त्या आठवड्यांत एकहि फिर्याद नाहीं अशा मुलांतून पांच न्यायाधीश चिठ्ठ्या टाकून निवडले जात. न्यायासाठीं डॉक्टरांनीं जी नियमावलि लिहिली तींतील पहिलीं ९९ कलमें सुटकेचीं अथवा क्षमेचीं होतीं. अपराध्यास घरांतून काढून टाकण्याचें कलम १००० क्रमांकाचें, म्हणजे अगदीं शेवटचें होतें. मोठीं माणसेंहि या न्यायालयाच्या कक्षेबाहेर नव्हतीं. एका सहामाहींत स्वतः कोर्चाक यांनीं पांच वेळां आपल्यावरच फिर्याद दाखल केली. एका प्रसंगीं त्यांनीं रागाच्या भरांत एका मुलाच्या कानशिलांत मारली होती. दुसऱ्या प्रसंगीं एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतला होता. ज्या घराचा कारभारी मुलांपुढें जाब द्यावयास उभा राहतो, त्या घरांतील मुलाला आपल्या शब्दास वजन आहे हें वेगळें शिकवावें लागत नाहीं.

मुलाच्या शब्दास वजन देण्याचा याहून मोठा प्रयोग वर्तमानपत्राच्या रूपानें झाला. घराचें स्वतःचें एक साप्ताहिक होतें व तें शनिवारीं सर्वांपुढें वाचून दाखवीत. पुढें ९ ऑक्टोबर १९२६ रोजीं कोर्चाक यांनीं वॉर्सांतील ‘नाश प्शेग्लोंद’ या दैनिकाची पुरवणी म्हणून ‘मावी प्शेग्लोंद’, म्हणजे ‘लहान समालोचन’, या नांवाचें मुलांचें पत्र सुरू केलें. मुलांसाठीं मोठ्यांनीं लिहिलेलीं मासिकें तेव्हांहि होतीं. हें पत्र मुलांनीं लिहिलेलें होतें. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुलांचीं पत्रें येत आणि त्यांतून अंक तयार होत. ज्याला लिहिण्याचा कंटाळा किंवा संकोच वाटतो त्यानें कचेरींत येऊन तोंडीं सांगावें, तेथें त्याचें म्हणणें उतरून घेतलें जाईल, अशीहि सोय ठेवली होती. दुसरें महायुद्ध सुरू होईपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, हें पत्र चाललें. ज्यास अक्षर नीट काढतां येत नाहीं त्याच्याजवळहि सांगण्यासारखें कांहीं असतें, आणि लेखणी धरणारा हात दुसऱ्याचा असला तरी शब्द मुलाचाच राहूं शकतो, हें तत्त्व यांत आहे. स्वयंसेवकाच्या कामाचें मर्महि हेंच होय.

त्या घरांत स्वयंसेवकांसारखें काम करणारी तरुण मंडळीहि होती. शिक्षणशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या तरुणतरुणींस घरांत राहण्याजेवण्याची सोय मिळे, आणि त्याच्या मोबदल्यांत ते रोज कांहीं तास मुलांसाठीं देत. अभ्यासांत मदत करणें, आजाऱ्यापाशीं बसणें, वाचून दाखविणें, खेळांत सामील होणें हें त्यांचें काम. आपण काय पाहिलें हें त्यांनीं वहींत लिहावयाचें, विल्चिन्स्का बाईंनीं त्या वह्या वाचून आपला अभिप्राय द्यावयाचा, अशी रीत होती. मुलांस काय शिकविलें यापेक्षां मुलांविषयीं आपल्याला काय दिसलें, याचा हिशेब त्या वहींत अधिक असे.

१९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. १९४० च्या नोव्हेंबरांत वॉर्सांतील ज्यू लोकांस शहराच्या एका भागांत कोंडून त्या भागास भिंतीनें वेढण्यांत आलें. चार लाखांहून अधिक माणसें त्या चिंचोळ्या जागेंत दाटीनें राहूं लागलीं. अनाथगृहासहि आपली इमारत सोडून भिंतीच्या आंत जावें लागलें, आणि वर्षभरानें तेथूनहि पुन्हां हलावें लागलें. मुलांची संख्या वाढून सुमारें २०० झाली. अन्न अत्यंत अपुरें, विषमज्वरासारख्या रोगांची सांथ, आणि रस्त्यांवर भुकेनें मरून पडलेलीं माणसें, अशी तेथील स्थिति होती. डॉक्टरांचें वय साठीच्या पुढें गेलेलें. तरी रोज दारोदार हिंडून ते मुलांसाठीं धान्य व पैसा मिळवीत. अशा दिवसांतहि घरांतील न्यायालय, वांटून घेतलेलीं कामें, वाचन, गाणीं हा क्रम त्यांनीं मोडूं दिला नाहीं.

याच घरांत शनिवार, १८ जुलै १९४२ रोजीं दुपारनंतर मुलांनीं एक नाटक करून दाखविलें. तें नाटक होतें आपल्या रवीन्द्रनाथ ठाकुरांचें ‘डाकघर’. रवीन्द्रनाथांनीं तें १९११ सालीं बंगालींत लिहिलें, पुढें तें इंग्रजींत गेलें, १९१३ त डब्लिन शहरीं त्याचा प्रयोग झाला, व हळूहळू युरोपांतील अनेक भाषांत तें पोहोंचलें. वॉर्साच्या मुलांनीं तें पोलिश भाषेंत केलें.

नाटकाची कथा ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत देतों. अमल नांवाचा पोरका मुलगा माधव दत्त यांच्या घरीं दत्तक म्हणून राहतो. तो आजारी आहे, व वैद्यानें त्याला घराबाहेर पडण्याची मनाई केली आहे. म्हणून तो खिडकींत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्यांशीं बोलतो. दहींवाला येतो, पहारेकरी येतो, फुलें वेंचणारी सुधा येते, खेळणारीं पोरें येतात. समोर राजाचें नवें डाकघर झालें आहे असें पहारेकऱ्याकडून कळतें, आणि राजाचें पत्र आपल्यालाहि एक दिवस येईल या आशेनें अमल वाट पहात राहतो. गांवचा मुखिया त्याची थट्टा करतो. पण शेवटीं राजाचा वैद्य खरोखरच येतो, घराचीं बंद दारेंखिडक्या उघडावयास लावतो, आणि अमल शांतपणें झोंपी जातो. फुलें घेऊन परत येईन असें सांगून गेलेली सुधा त्याच वेळीं फुलें घेऊन येते.

एस्टेर्का विनोग्रोन या तरुणीनें हें नाटक मुलांकडून बसवून घेतलें. ती युद्धापूर्वीं विश्वविद्यालयांत निसर्गविज्ञान शिकत होती, व या घरांत आजारी मुलांच्या शुश्रूषेंत डॉक्टरांस मदत करीत असे. निमंत्रणपत्रें वांटण्यांत आलीं व पाहुणे जमले. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. त्या दुपारीं पाहुणे देणारे नव्हते आणि मुलें घेणारीं नव्हतीं. भुकेलेल्या वस्तींतून आलेल्या मोठ्या माणसांस त्या पोरक्या मुलांनीं आपल्या घरीं बोलाविलें, बसावयास जागा दिली, आणि स्वतःजवळ होतें तें त्यांस दिलें.

हेंच नाटक कां निवडलें असें कोणीं विचारतां, मरणाला शांतपणें सामोरें जाण्यास मुलांनीं शिकावें म्हणून, असें उत्तर डॉक्टरांनीं दिल्याचें सांगतात. त्या उत्तराखेरीज आणखीहि एक कारण नाटकाच्या कथेंतच दिसतें. कोंडलेला, पोरका, खिडकींतून बाहेरचें जग पाहणारा अमल हा त्या मुलांचा सोबती होता. जें स्वतःविषयीं बोलणें कठिण, तें त्यांना अमलच्या तोंडून बोलतां आलें. ज्या घरांत पत्रपेटीला उत्तर मिळण्याची सवय होती, त्या घरांतील मुलांस राजाच्या पत्राची वाट पाहणारा मुलगा परका वाटला नसेल.

पुढची हकीकत थोडक्यांतच सांगावी अशी आहे. नाटकानंतर चौथ्या दिवशीं, २२ जुलै रोजीं, त्या वस्तींतील लोकांस आगगाडीनें त्रेब्लिन्का येथील संहारछावणीकडे नेण्यास आरंभ झाला. एस्टेर्का त्याच दिवसांतील धरपकडींत सांपडली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत अनाथगृहाची पाळी आली. स्वतःचा जीव वांचविण्याची संधि डॉक्टरांस अनेकांनीं देऊं केली होती. ती त्यांनीं स्वीकारली नाहीं. ते, विल्चिन्स्का बाई, इतर सहकारी व मुलें एकत्रच गेलीं, आणि त्यांच्यापैकीं कोणी परत आलें नाहीं. त्रेब्लिन्का येथें आज हजारों दगड स्मारक म्हणून उभे आहेत. त्यांपैकीं एकाच दगडावर व्यक्तीचें नांव आहे, आणि तें यानुश कोर्चाक व त्यांचीं मुलें यांचें आहे.

त्या दुपारनें मुलांस वांचविलें नाहीं. तिची थोरवी गातांना हें विसरणें अप्रामाणिकपणाचें होईल. नाटक, चित्र किंवा गाणें हें अन्नाची जागा घेऊं शकत नाहीं, औषधाची घेऊं शकत नाहीं, आणि अन्याय करणाऱ्याचा हात तर मुळींच धरूं शकत नाहीं. मग त्या दुपारनें काय केलें? जीं मुलें शत्रूच्या लेखीं केवळ एक आंकडा होतीं, तीं त्या दोनतीन तासांपुरतीं अमल झालीं, सुधा झालीं, दहींवाला झालीं. ज्याचें त्याचें निराळें काम होतें आणि तें त्याच्याशिवाय दुसरें कोणी करूं शकत नव्हतें. मुलाला मनुष्य म्हणून वागविणें हें सुखाच्या दिवसांपुरतें राखून ठेवण्याचें काम नव्हे, हें त्या घरानें दाखवून दिलें. पोलंडच्या पुढाकारानें सुरू झालेल्या प्रयत्नांतून संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ सालीं बालहक्कांचा करार मंजूर केला. विश्रांति, खेळ व कला यांत भाग घेणें हा मुलाचा हक्क आहे, असें त्याच्या ३१ व्या कलमांत म्हटलें आहे. भारतानें १९९२ सालीं तो करार मान्य केला. म्हणजे अनाथगृहांतील मुलाच्या हातीं रंग देणें हा कोणाचा उपकार नव्हे; तें त्याचें देणें आहे.

आतां आपल्याकडील दुपारीकडे वळूं. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कांहींजण अशा घरीं जाणार असाल, तर प्रथम संस्थेच्या चालकांस विचारून जा. मुलांचा अभ्यास, झोंप, जेवण यांच्या वेळा ठरलेल्या असतात. आपल्या सोयीसाठीं त्या मोडणें म्हणजे दुसऱ्याच्या घरांत शिरून तेथील चूल हलविण्यासारखें आहे. फार मोठा जमाव नेऊं नका. वीस मुलें असतील तर पांच स्वयंसेवक पुरे होतात. एकेकानें चार मुलांबरोबर बसावें, आणि शेवटपर्यंत त्याच चार मुलांबरोबर असावें. सामान साधें असावें, पण प्रत्येकास पुरेल इतकें असावें. एका कात्रीसाठीं चौघांनीं भांडावें अशी वेळ आली तर दुपार तेथेंच संपली म्हणून समजा.

काय करावें असें विचाराल तर ‘डाकघर’ वरूनच सुचणारा एक खेळ सांगतों. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यास वर फट पाडून मुलांकडूनच एक टपालपेटी तयार करून घ्यावी. तिला रंग कोणता द्यावा हें मुलांनीं ठरवावें. ती लालच असली पाहिजे असा आग्रह धरूं नये. नंतर प्रत्येक मुलास एक कोरा कागद द्यावा. त्याच्या मधोमध खिडकीची चौकट काढावी, आणि या खिडकींतून तुला कोण जातांना दिसावें असें वाटतें, एवढेंच विचारावें. कोणी हत्ती काढील, कोणी आगगाडी, कोणी नुसत्या आडव्यातिडव्या रेघा ओढील. दुसऱ्या तासांत कागदाचें पाकीट करावयास शिकवावें. दोन घड्या, थोडी खळ, झालें पाकीट. त्यांत मुलानें आपल्याला हवें त्यास पत्र लिहावें. लिहितां येत नसेल त्यानें सांगावें व तुम्ही उतरून घ्यावें. उतरून घेतांना त्याचें वाक्य सुधारूं नये. तें जसें बोललें तसेंच लिहावें व त्याला वाचून दाखवावें. तुमच्या नांवानें जीं पत्रें पेटींत पडतील त्यांस आठ दिवसांच्या आंत उत्तर लिहिण्याची जबाबदारी तुमची. ही जबाबदारी घ्यावयाची नसेल तर हा खेळ खेळूंच नये. राजाचें पत्र येईल असें सांगून न पाठविण्यापेक्षां डाकघर नसलेलें बरें. पत्रें संस्थेच्या चालकांच्या हातींच द्यावीं व त्यांच्याच मार्फत पाठवावीं.

चित्र काढणाऱ्या मुलाच्या हातांतून खडू घेऊन ‘अरे, झाड असें काढतात’ म्हणणें हा आपल्यापैकीं पुष्कळांचा स्वभाव असतो. तो त्या दुपारपुरता तरी घरीं ठेवून जावा. बक्षीस ठेवूं नये, कारण बक्षीस एकाला मिळतें व एकोणीस जणांस न मिळाल्याची आठवण राहते. प्रत्येक कागदावर मुलानें आपलें नांव घालावें, आणि त्याचें पुढें काय करावयाचें तें त्यानेंच सांगावें. भिंतीवर लावावयाचें, जपून ठेवावयाचें, कोणास द्यावयाचें कीं फाडून टाकावयाचें, हा निर्णय त्याचा. तुम्हांस आवडलें म्हणून तें मागून आपल्याबरोबर नेऊं नका. ज्याच्यापाशीं स्वतःचें फारसें कांहीं नाहीं, त्यानें नुकतेंच स्वतःचें असें एक केलें आहे. तें त्याच्याजवळच राहूं द्या.

एखादें मूल खेळांत येणार नाहीं, कोपऱ्यांत बसून राहील. त्याला ओढून आणूं नका. त्याच्यासाठीं कागद व खडू जवळ ठेवून द्यावे आणि आपण आपल्या कामास लागावें. नाहीं म्हणतां येणें हाहि मानाचाच एक भाग आहे. मुलांस त्यांच्या आईबापांविषयीं, किंवा तूं येथें कसा आलास असें, कधींहि विचारूं नये. तें आपण होऊन सांगूं लागलें तर शांतपणें ऐकावें व ती गोष्ट बाहेर बोलूं नये. मुलांचीं छायाचित्रें काढून चारचौघांत दाखवूं नयेत. आपल्या देशांत २०१५ च्या बालन्याय कायद्यानेंहि अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केलेली आहे. शेवटीं पसारा आवरणें, जमीन पुसणें हें सर्वांनीं मिळून करावें. मुलें आपल्या घराचीं धनी आहेत. तीं तुम्हांला केरसुणी कोठें असते तें दाखवितील, आणि तेवढ्यापुरतें तुम्हीं त्यांचें ऐकावयाचें.

निरोप घेतांना विशेष सावध रहावें. ‘आम्ही लवकरच पुन्हां येऊं’ हें वाक्य आपण सहज बोलून जातों. ज्या मुलाला आधींच कोणी तरी सोडून गेलेलें असतें तें हें वाक्य विसरत नाहीं. दाराशीं कोणाचें पाऊल वाजलें कीं तें वर पाहतें. यावयाचें नसेल तर तसें म्हणूं नये. यावयाचें असेल तर दिवस सांगून यावें. वर्षांतून एकदां शंभर जणांनीं जाण्यापेक्षां, महिन्यांतून एकदां त्याच पांच जणांनीं जाणें कितीतरी अधिक उपयोगाचें आहे. अमलला भेटावयास पुष्कळ जण आले, पण बोललेलें पाळून फुलें घेऊन परत आली ती सुधाच.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या मुलांना अनाथगृहांत नेतांना, ‘बघ, तुला किती मिळतें आणि या बिचाऱ्यांना कांहीं नाहीं’ असें आपण कित्येकदां त्यांस सांगतों. आपल्या मुलानें कृतज्ञ व्हावें ही इच्छा रास्त आहे. पण त्यासाठीं दुसऱ्याच्या मुलाला धड्यांतील उदाहरण करून त्याच्या समोर उभें करणें रास्त नाहीं. त्या मुलाला डोळे आहेत, कान आहेत. आपल्याकडे कोणत्या नजरेनें पाहिलें जात आहे हें तें तुमच्या मुलाच्या आधीं ओळखतें. नाटकांतील दहींवाला अमलशीं दोन घटका बोलतो, त्याला दहीं देतो, आणि दहीं विकण्यांत केवढा आनंद आहे हें त्या आजारी मुलाकडून शिकून जातो. आपल्या मुलांनीं तेथें जावें तें अशाच रीतीनें कांहीं शिकून यावें म्हणून जावें. कोणास मातीचा बैल आपल्यापेक्षां सुबक करतां येतो, कोणास दहा गाणीं तोंडपाठ आहेत, कोणी लहानग्याचें नाक न सांगतां पुसतें, हें त्यांच्या नजरेस पडावें.

संध्याकाळीं मूल घरीं आलें म्हणजे ‘काय काय वांटलें?’ असें विचारूं नका. त्यानें तेथें कोणाकोणाचीं नांवें ऐकलीं, कोणीं काय केलें, आणि त्याच्या नांवानें आलेल्या पत्राला तें उत्तर केव्हां लिहिणार आहे, एवढें विचारा. आणि आठव्या दिवशीं तें उत्तर टपालांत पडलें कीं नाहीं, तें पहा.